पुण्यात पहिली नोकरी शोधताना: बाहेरगावाहून आलेल्या नवपदवीधरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

अंतिम वर्षाचे निकाल लागले की जून-जुलैत परभणी, बुलढाणा, धुळे, लातूर, सोलापूर अशा ठिकाणांहून पदवीधर मुले-मुली मोठ्या संख्येने पुण्यात येतात. त्यांतील अनेकांचा पहिला महिना खोली शोधण्यात, दुसरा नौकरी डॉट कॉमवर दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करण्यात आणि तिसरा एखाद्या क्लासची फी भरण्यात जातो. पुण्यात नोकऱ्या आहेत, परंतु नवख्यांसाठीच्या पुष्कळशा जागा जाहिरातीपर्यंत येतच नाहीत. त्या कंपनीतल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून भरल्या जातात. ज्याची शहरात ओळख नाही त्याने ती कशी उभी करावी, हा या लेखाचा मुख्य विषय आहे, आणि त्यावरचे उत्तर थोडक्यात असे की ओळखीच्या माणसाकडे नोकरी मागू नये, माहिती मागावी. त्याकडे येण्यापूर्वी काही तयारी करावी लागते, म्हणून आधी ती पाहू.

घरून निघण्यापूर्वी

सर्वांत आधी कागदपत्रांवरील नाव तपासावे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. आधारवर हा क्रम बहुधा वेगळा असतो, पॅनकार्डवर मधले नाव गळालेले असते आणि विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्रात एखादे अक्षर बदललेले असते. शिकत असेपर्यंत याने काही अडत नाही. नोकरी लागल्यावर मात्र भविष्य निर्वाह निधीचे खाते आधारशी जोडताना आणि कंपनीच्या पार्श्वभूमी पडताळणीत हाच फरक आडवा येतो. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे दहावीच्या गुणपत्रिकेवरील स्पेलिंग प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे त्याला जुळवून घ्यावीत. ही कामे गावाकडच्या सेवा केंद्रात निवांतपणे होतात. पुण्यात आल्यावर त्यासाठी मुलाखतीचे दिवस खर्ची पडतात. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे ना, हेही पाहावे, कारण अनेकांचा तो क्रमांक वडिलांच्या जुन्या सिमचा असतो आणि प्रत्येक ओटीपीसाठी घरी फोन करावा लागतो.

प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पॅन यांची स्कॅन केलेली प्रत एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवावी. डिजीलॉकरमध्ये जे मिळते ते तेथून घ्यावे. मूळ कागदपत्रे सोबत आणावीत, मात्र ती कुठल्याही कार्यालयात ठेवून येऊ नयेत. दाखवायची आणि परत घ्यायची. ‘मूळ प्रमाणपत्रे आमच्याकडे जमा राहतील’ असे म्हणणाऱ्या ठिकाणी दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही.

पैशांचा हिशेब साधारण पाच-सहा महिन्यांचा धरावा. पहिला पगार नोकरी लागल्याच्या दिवशी मिळत नाही. महिन्याच्या मध्यावर रुजू झालेल्या माणसाचा पगार काही कंपन्या पुढच्या महिन्याच्या पगारासोबत देतात, आणि ऑफर व रुजू होण्याची तारीख यांतच कधी कधी दोन-तीन महिने जातात.

कोणते काम शहराच्या कोणत्या टोकाला आहे

खोली घेण्याआधी आपल्या क्षेत्राचा नकाशा समजून घ्यावा. संगणक क्षेत्रातील कंपन्या हिंजवडीच्या तिन्ही टप्प्यांत, खराडी, मगरपट्टा, बाणेर-बालेवाडी, विमाननगर आणि तळवडे येथे विखुरलेल्या आहेत. कारखान्यांचे काम पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव या पट्ट्यात चालते. त्यांपैकी भोसरीत लहान युनिट अधिक, तर चाकणला मोठ्या वाहन कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आहेत. वाणिज्य शाखेच्या मुलांना उपयोगी पडणारी सनदी लेखापालांची कार्यालये मध्यवर्ती पेठा, टिळक रस्ता, शिवाजीनगर आणि कॅम्प भागात दाटीने आहेत, तर बँका आणि वित्तकंपन्यांची पाठीमागची कामे करणारी कार्यालये खराडी, येरवडा आणि कल्याणीनगरकडे आहेत.

हिंजवडी शहराच्या पश्चिमेला आणि खराडी पूर्वेला आहे. सकाळच्या गर्दीत या दोन टोकांमधला प्रवास दीड-दोन तास घेतो. म्हणून मित्र राहतो तेथेच आपणही राहायचे, हा निर्णय पहिल्या महिन्यापुरताच घ्यावा. सुरुवातीला कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका पलंगापुरती, जागा पाहावी आणि ती मेट्रोच्या जवळ असेल तर उत्तम. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकींना मिळतात, त्यामुळे शिवाजीनगर किंवा पेठांच्या आसपास राहणाऱ्याला कोणत्याही दिशेची मुलाखत गाठता येते. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे कॉट, मेस आणि अभ्यासिका या तिन्ही गोष्टी एकाच गल्लीत मिळतात. एक धोकाही आहे. सगळ्या खोलीत एमपीएससीचा अभ्यास चालू असेल तर नोकरी शोधणाऱ्याचे मन महिन्याभरात डळमळू लागते. ज्याला परीक्षा द्यायची आहे त्याने जरूर द्यावी, पण खोलीतले सगळे देतात म्हणून अर्ज भरू नये.

अकरा महिन्यांचा भाडेकरार नोकरीचे ठिकाण ठरल्यावर करावा. हा करार, ज्याला लीव्ह अँड लायसन्स करार म्हणतात, नोंदणी केलेला असावा. महाराष्ट्रात ही नोंदणी सक्तीची असून ती करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. बँक खाते, गॅस आणि पुढे पासपोर्टसाठी हाच करार पत्त्याचा पुरावा म्हणून कामी येतो.

बायोडेटा: एक पान, तीन ठिकाणी नीट नजर

नवख्या उमेदवाराचा बायोडेटा एका पानाच्या पुढे जाण्याचे कारण नसते. निवड करणारा माणूस तो वाचत नाही, चाळतो. त्याच्या नजरेला पहिल्यांदा तीन गोष्टी लागतात: उत्तीर्ण होण्याचे वर्ष, सध्याचे ठिकाण आणि येत असलेली कामे. ठिकाणाच्या जागी ‘मु. पो. अमुक, ता. तमुक’ असा घरचा पत्ता देण्याची सवय सोडावी आणि ‘पुणे, तातडीने रुजू होऊ शकतो’ असे लिहावे. नोकरीच्या संकेतस्थळांवर कंपन्या शहराचे नाव टाकून उमेदवार शोधतात. जो पत्त्यात जिंतूर लिहितो तो पुण्यात राहत असूनही त्या यादीत येत नाही.

येत असलेली कामे लिहिताना विषयांची नावे देऊ नयेत, काय केले ते लिहावे. यंत्र अभियांत्रिकीच्या मुलाने ‘मेट्रॉलॉजीचे ज्ञान’ लिहिण्याऐवजी ‘व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि हाइट गेजने ड्रॉइंगप्रमाणे पार्ट तपासून रिपोर्ट भरला’ असे लिहिले तर भोसरीतल्या क्वालिटी विभागाच्या माणसाला ते एका ओळीत कळते. वाणिज्य पदवीधराने ‘टॅली येते’ एवढ्यावर थांबू नये. खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँकेचा ताळमेळ, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी माहिती काढणे यांपैकी जे प्रत्यक्ष केले असेल ते लिहावे. आपल्या गावातल्या कर सल्लागाराकडे दोन महिने बसून ही कामे शिकता येतात, आणि तो अनुभव पुण्यातल्या कार्यालयात मोजला जातो. संगणकाच्या मुलाने अंतिम वर्षाच्या प्रकल्पातला स्वतः लिहिलेला भाग गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवावा. तो प्रकल्प विकत आणलेला असेल तर बायोडेटात घालू नये. त्याच्यावरचे तीन प्रश्न विचारले की मुलाखत संपते.

दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्क्यांची अट घालणाऱ्या कंपन्या आहेत, आणि ५८ टक्क्यांचे ६० केल्याने काम होत नाही, कारण गुणपत्रिका पडताळली जाते. मधले शैक्षणिक वर्ष वाया गेले असेल तर तेही लपवू नये. कारण एका वाक्यात सांगता येईल अशी तयारी ठेवावी.

ओळखी कशा उभ्या कराव्यात

‘माझी पुण्यात कुणाशीच ओळख नाही’ हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत खरे नसते. एक वही घ्यावी, किंवा मोबाईलवर तक्ता करावा, आणि त्यात माणसे लिहून काढावीत: आपल्या महाविद्यालयातून आधी उत्तीर्ण होऊन पुण्यात असलेले विद्यार्थी, त्यांचे खोलीमित्र, गावातली पुण्यात कामाला असलेली माणसे, आपल्याला शिकवलेले आणि आता पुण्यातल्या महाविद्यालयात गेलेले प्राध्यापक, बहिणीच्या सासरकडचे नातेवाईक, तालुक्याच्या शाळेतले वर्गमित्र. लिंक्डइनवर महाविद्यालयाचे नाव टाकून त्याच्या पानावरील माजी विद्यार्थ्यांच्या विभागात ठिकाण पुणे निवडले की कोण कुठल्या कंपनीत आहे ते दिसते. लहान गावच्या महाविद्यालयातही ही यादी अपेक्षेपेक्षा मोठी निघते.

या यादीतील सर्वांना एकाच वेळी बायोडेटा पाठवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे. ‘सर, मी फ्रेशर आहे, कुठे व्हेकन्सी असेल तर सांगा’ या संदेशाला समोरचा माणूस ‘हो, पाठवून ठेव’ म्हणतो आणि विसरतो. त्याचा यात दोष नाही. त्याच्या हातात जागा नसते, त्याला आपल्याविषयी काही ठाऊक नसते, आणि नाही म्हणण्याचा संकोच असतो. त्याला सहज देता येईल अशी गोष्ट मागावी, आणि अशी गोष्ट म्हणजे त्याच्या स्वतःच्या कामाची माहिती. संदेशाचा एक नमुना पाहा.

‘नमस्कार दादा. मी आपल्याच महाविद्यालयातून यंदा मेकॅनिकल पूर्ण केले. विभागप्रमुख सरांनी आपले नाव सुचवले. मला क्वालिटीमध्ये काम करायचे आहे. नवीन मुलाला चाकणमध्ये पहिल्या सहा महिन्यांत नेमके काय काम देतात आणि त्यासाठी मी आत्ता काय शिकून घ्यावे, एवढे दोन प्रश्न विचारायचे आहेत. रविवारी किंवा आपली शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटे फोन केला तर चालेल का? सवड नसेल तरी हरकत नाही.’

यात मध्यस्थाचे नाव आहे, क्षेत्र स्पष्ट आहे, प्रश्न दोनच आहेत आणि नकाराला जागा ठेवली आहे. महाविद्यालयातल्या मोठ्यांना ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणावे. वयाने बऱ्याच मोठ्या किंवा पूर्ण अनोळखी व्यक्तीला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे. गाववाल्यांशी इंग्रजीत बोलण्याचा आव आणू नये, मात्र लिंक्डइनवर अनोळखी व्यक्तीला लिहिताना तीन-चार वाक्यांचे साधे, बिनचूक इंग्रजी वापरावे. आठवड्याभरात उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी आणि मग विषय सोडून द्यावा.

फोनवर किंवा भेटीत खरोखर तेच दोन प्रश्न विचारावेत. कंपनीत कुठली मशीन आहेत, रिपोर्ट कोणत्या नमुन्यात भरतात, माणसे कधी सोडून जातात, भरती कंपनी स्वतः करते की ठेकेदारामार्फत, या उत्तरांतून पुढच्या मुलाखतीची तयारी होते. दहा मिनिटे म्हटले असेल तर दहा मिनिटांत उठण्याची तयारी दाखवावी, समोरच्याने थांबवले तर थांबावे. निघताना एकच विनंती करावी: ‘या कामातल्या आणखी कुणाशी बोलू, असे आपल्याला वाटते?’ हा प्रश्न विचारायला पुष्कळ जण लाजतात, आणि यादी वाढते ती याच प्रश्नाने. त्याच संध्याकाळी आभाराचा छोटा संदेश पाठवावा, आणि त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कळवावे की आपण सांगितल्याप्रमाणे सेव्हन क्यूसी टूल्स (गुणवत्ता तपासण्याची सात साधने) शिकलो, सराव म्हणून ही शीट तयार केली आहे. माझ्या अनुभवात माणूस स्वतःहून ‘बायोडेटा पाठव’ म्हणतो तो बहुधा या दुसऱ्या संदेशानंतर, कारण त्याला आता तुमच्याविषयी कुणाला सांगण्याजोगे काहीतरी मिळालेले असते.

संगणक क्षेत्रातील अनेक कंपन्यांत रेफरलची रीतसर व्यवस्था असते. कर्मचाऱ्याने आपल्या लॉगिनमधून नाव सुचवले आणि निवड झाली तर त्याला काही रक्कमही मिळते. त्यामुळे रेफरल मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. मात्र मागताना त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील विशिष्ट जागेचा क्रमांक, बायोडेटा आणि आपण त्या जागेला कसे योग्य आहोत हे सांगणाऱ्या दोन ओळी एकत्र पाठवाव्यात. ‘तुमच्या कंपनीत काहीही चालेल’ असे म्हटले की जागा शोधण्याचे कामही आपण त्याच्यावरच टाकतो.

माणसांशिवाय काही ठिकाणेही आहेत. पायथॉन पुणे आणि जीडीजी पुणे यांसारखे तंत्रज्ञांचे गट शनिवार-रविवारी मोफत किंवा अल्प शुल्कात भेटतात. पहिल्या खेपेस मागे बसून ऐकले तरी चालते, पण तिसऱ्या खेपेपर्यंत नोंदणीच्या टेबलावर मदतीला उभे राहावे. स्वयंसेवकाला सगळे वक्ते आणि आयोजक चेहऱ्याने ओळखू लागतात, आणि बुजऱ्या माणसाला बोलण्याचे निमित्त मिळते. अभियंत्यांसाठी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचे शिवाजीनगर येथील केंद्र व्याख्याने भरवते. १९३४ साली स्थापन झालेल्या मराठा चेंबर या उद्योग-व्यापाराच्या संघटनेचे सेनापती बापट रस्त्यावरील कार्यालय उद्योजकांसाठी कार्यशाळा आयोजित करते, त्यांपैकी काही सर्वांसाठी खुल्या असतात.

यंत्र, विद्युत आणि प्रॉडक्शनच्या मुलांनी चिंचवडचे ऑटो क्लस्टर आणि मोशीचे प्रदर्शन केंद्र येथील औद्योगिक प्रदर्शने चुकवू नयेत. मशीन टूल, मोजमापाची उपकरणे, ऑटोमेशन अशा विषयांच्या प्रदर्शनात लहान कारखान्याचे मालक स्वतः स्टॉलवर उभे असतात, जे एरवी गेटच्या आत भेटत नाहीत. शेवटच्या दिवशी दुपारनंतर जावे. गर्दी ओसरलेली असते आणि स्टॉलवरची माणसे बोलायला मोकळी असतात. बायोडेटाचा गठ्ठा वाटत फिरू नये. मशीनविषयी एक खरा प्रश्न विचारावा, उत्तर ऐकावे, मग आपण कोण ते सांगून व्हिजिटिंग कार्ड मागावे आणि त्याच्या मागे लगेच तारीख व बोलण्याचा विषय लिहून ठेवावा. दोन दिवसांनी त्या विषयाचा उल्लेख करून ई-मेल पाठवला की तो वाचला जाण्याची शक्यता बरीच वाढते.

मुलींसाठी एक सूचना वेगळी द्यावी लागते. अनोळखी व्यक्तीची पहिली भेट कंपनीच्या स्वागतकक्षात, कार्यक्रमात किंवा दिवसा गजबजलेल्या ठिकाणीच ठरवावी, आणि लॉज, फ्लॅट किंवा संध्याकाळनंतरच्या ‘मुलाखती’ला सरळ नकार द्यावा. तेथे संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

अर्ज करण्याचे इतर मार्ग

नौकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन वापरावेतच, पण दिवसाचे दोन तास ठरवून. प्रोफाइल आठवड्यातून एक-दोनदा अद्ययावत करावे, कारण कंपन्या अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार आधी पाहतात. कोणत्या कंपनीला कधी, कोणत्या जागेसाठी अर्ज केला याची नोंद ठेवावी. अचानक फोन आल्यावर ‘कुठली कंपनी म्हणालात?’ असे विचारावे लागणे बरे दिसत नाही.

वॉक-इन मुलाखतीला सकाळी लवकर पोहोचावे. गेटवरच्या नोंदवहीत ज्याच्या नावे आलो ते नाव, ओळखपत्र आणि बायोडेटाच्या दोन प्रती लागतात. गर्दीत दुपार होते, म्हणून पाणी आणि डबा सोबत असावा. त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांशीही बोलावे. कुठे भरती चालू आहे याची ताजी बातमी त्यांच्याकडे असते.

शिकाऊ उमेदवारीकडे पदवीधर उगाच कमीपणाने पाहतात. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्टखाली केंद्र शासनाच्या नॅट्स संकेतस्थळावर पदवीधरांना एका वर्षाच्या उमेदवारीसाठी नोंदणी करता येते. २०१९ च्या नियमदुरुस्तीत पदवीधरांचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवले गेले, आणि अनेक कंपन्या त्याहून अधिक देतात. मोठ्या कारखान्यातले एक वर्ष आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र यांची किंमत पुढच्या नोकरीत कळते. राज्याच्या महास्वयम् संकेतस्थळावर रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयोगटातील पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. या योजनेचा कालावधी आणि अटी बदलत आल्या आहेत, त्यामुळे अर्जापूर्वी त्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. अशा प्रशिक्षणातून कायम नोकरी मिळेलच असे गृहीत धरू नये.

फसवणूक ओळखण्याच्या खुणा

नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत, पोलीस पडताळणीचा खर्च, गणवेशाचे पैसे अशी कोणतीही रक्कम नोकरीच्या आधी मागितली गेली तर ती नोकरी नाही, असे समजून उठावे. बनावट ऑफर पत्रात मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह हुबेहूब असते, पण ई-मेलचा पत्ता जीमेलचा किंवा कंपनीच्या नावात एखादे अक्षर जास्त घातलेला असतो. अनोळखी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे नाव टाकून ती केव्हा नोंदली गेली आणि चालू आहे का, हे विनामूल्य पाहता येते. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याची शक्यता जास्त.

अधिक चिवट प्रकार बनावट अनुभवाचा आहे. काही कन्सल्टन्सी ठरावीक रक्कम घेऊन दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची पत्रे आणि पगारपत्रके तयार करून देतात आणि ‘सगळे असेच करतात’ असे सांगतात. पण भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन या नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या क्रमांकावर नोकरीचा सारा इतिहास दिसतो, आणि नवी कंपनी तोच तपासते. त्यात नोंद नसलेला अनुभव सापडला तर रुजू झाल्यावरही काढून टाकले जाते, आणि पुढच्या कंपनीला सोडण्याचे कारण सांगता येत नाही. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची हमी देणाऱ्या क्लासविषयीही एवढेच विचारावे की मागच्या तुकडीतल्या चार विद्यार्थ्यांचे क्रमांक मिळतील का. क्रमांक क्लासने निवडून दिले तर त्यांच्याखेरीज आणखी कुणाला तरी लिंक्डइनवर शोधून विचारावे.

मुलाखत

याविषयी सल्ला देणारे पुष्कळ आहेत, म्हणून दोनच गोष्टी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी स्वतःची ओळख पाठ करण्यापेक्षा आपल्या प्रकल्पाविषयी पाच मिनिटे इंग्रजीत बोलण्याचा सराव मोठ्याने करावा. स्वतःची ओळख सगळ्यांची सारखीच असते, प्रकल्पावरच्या बोलण्यात फरक दिसतो. आणि एखादे उत्तर येत नसेल तर तसे सांगून, ते शोधण्यासाठी कुठून सुरुवात करू ते सांगावे.

ऑफर पत्र हाती आल्यावर

वार्षिक तीन लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला २५,००० रुपये हाती येतील, हा समज पहिल्या पगाराला मोडतो. मूळ वेतन १२,५०० धरले तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील १२ टक्के हिस्सा १,५०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६०० रुपये हे दोन्ही बहुधा पॅकेजमध्येच धरलेले असतात. उरलेल्या सुमारे २२,९०० रुपयांतून स्वतःचा निधीचा हिस्सा १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा होतो, म्हणजे हाती साधारण २१,२०० येतात. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० रुपये असतो, आणि महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही. पॅकेजमधले वर्षाचे ३०,००० रुपये कामगिरीवर अवलंबून असतील तर दरमहाच्या रकमेतून आणखी अडीच हजार कमी धरावेत. म्हणून ऑफर पत्रासोबतचा तक्ता पाहून ‘दरमहा हाती किती’ हा प्रश्न मनुष्यबळ विभागाला विचारावा. तो विचारल्याने कुणी ऑफर मागे घेत नाही.

त्यानंतर नोटीस कालावधी (राजीनाम्यानंतर काम करावे लागणारे दिवस) आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) वाचावा. संगणक क्षेत्रात ९० दिवसांचा नोटीस कालावधी सर्रास आहे, आणि पुढची नोकरी शोधताना तो जड जातो. बाँड कायद्याने टिकतच नाही, असे मित्र सांगतात. त्यावर विसंबू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड तसाच टिकेल असा त्याचा अर्थ नाही, कारण रक्कम वाजवी आहे की नाही हे न्यायालय पाहते. पण सही करण्यापूर्वी रक्कम, मुदत आणि कंपनी खरोखर कोणते प्रशिक्षण देणार आहे, हे तीनही मुद्दे लेखी असावेत. बाँडसाठी कोरा धनादेश किंवा मूळ प्रमाणपत्रे मागितली तर देऊ नयेत.

दोन ऑफर हाती असतील तर पहिल्या नोकरीसाठी पगारातल्या दोन-तीन हजारांच्या फरकापेक्षा काम कुणाच्या हाताखाली आहे याला मी अधिक महत्त्व देईन. वहीतल्या त्या यादीतील एखादा माणूस त्या विभागात किंवा त्याच्या शेजारी असतो, त्याला विचारून हे कळते. प्रवास आणि खोलीभाडे मात्र हिशेबात धरावे, कारण कर्वेनगरला राहून चाकणला जाणाऱ्याचा तो फरक कधीच संपलेला असतो.

रुजू होण्याच्या दिवशी यूएएन क्रमांक आधीच असेल तर तोच द्यावा. उमेदवारीत किंवा सुट्टीतल्या तात्पुरत्या कामात तो तयार झालेला असू शकतो, आणि दोन क्रमांक झाले की पुढे पैसे एकत्र करण्याची कटकट होते. त्याच आठवड्यात यादीतल्या प्रत्येकाला, ज्यांनी नुसतेच दहा मिनिटे फोनवर बोलून घेतले होते त्यांनाही, कोठे आणि कोणत्या कामावर रुजू झालो ते कळवावे. पुढच्या जुलैत आपल्या महाविद्यालयातून कुणाचा तरी ‘नमस्कार दादा’ किंवा ‘नमस्कार ताई’ असा संदेश येईल, तेव्हा पुढचे नाव सुचवायला याच यादीचा उपयोग होतो.